बडोद्याची गायनशाळा टिकली, वाद्यवृंद का टिकला नाही?

सूरसागराच्या काठावर आजही संगीत शिकवलं जातं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा तिथे आहे. तिथे गायन, सतार, व्हायोलिन, तबला, नृत्य आणि नाट्य शिकायला दरवर्षी नवी मुलं येतात. या सगळ्याचं मूळ फेब्रुवारी १८८६ मध्ये सयाजीराव महाराज तिसरे यांनी सुरू केलेल्या गायनशाळेत आहे. राजा गेला, संस्थान गेलं, राज्याची भाषासुद्धा बदलली, पण शाळा राहिली.

त्याच काळात बडोदं संस्थानानं पगारी वादकांचे वृंदही उभे केले होते. पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि देशी वाद्यांचा वृंदही होता. तालमी होत्या, बँडमास्तर होते, दरबारात आणि बागेत वादन होत असे. कमाटीबागेतला, म्हणजे आजच्या सयाजीबागेतला, बँडस्टँड त्याच दिवसांची खूण आहे. त्या वृंदांपैकी आज या शहरात काही उरलेलं नाही. बडोद्याच्या नावानं ओळखला जाणारा, वर्षभर तालीम करणारा, ठरलेल्या रचना वाजवणारा प्रादेशिक वाद्यवृंद आपल्याकडे नाही.

हे प्रकरण अभ्यासण्याजोगं आहे, कारण यात तुलना आपोआप जुळून आली आहे. राजा तोच, शहर तेच, पैसा एकाच तिजोरीतला आणि उस्तादही बरेचसे एकाच कुटुंबातले. तरी एक संस्था जगली आणि दुसरी विरली. 'राजाश्रय गेला म्हणून कला गेली' हे उत्तर इथे पुरत नाही, कारण तो आश्रय दोघींचाही एकाच वेळी गेला होता.

मौलाबक्षांची पाटी आणि पुस्तक

गायनशाळा उभी करणारे मौलाबक्ष (१८३३–१८९६) मूळचे उत्तरेकडचे. तरुणपणी ते दक्षिणेत गेले, म्हैसूरच्या दरबारात त्यांनी मान मिळवला आणि कर्नाटक संगीताचा अभ्यास केला. माझ्या मते बडोद्याच्या कथेत या दक्षिणेच्या प्रवासाला पुरेसं महत्त्व दिलं जात नाही. कर्नाटक संगीतात शिक्षणाची पायरी ठरलेली असते. आधी सरळी वरिशा म्हणजे स्वरांचे सुरुवातीचे पाठ, मग अलंकार, गीतं, वर्णम् आणि शेवटी कृती. कृती ही बांधीव रचना असते. दहा जणांनी ती एकत्र म्हटली तरी ती कृतीच राहते. आपल्या ख्यालात बंदिश चार ओळींची, आणि खरं संगीत त्या ओळी संपल्यावर सुरू होतं. एका गुरूपुढे पन्नास मुलं बसवायची असतील तर कोणती पद्धत उपयोगी पडेल, हे मौलाबक्षांनी तिकडे डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यातून त्यांनी स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तकं छापली, आणि गायनशाळेत वर्ग, वेळापत्रक व परीक्षा असा क्रम बसवला. हिंदुस्थानी संगीताचं शिक्षण देशभर नेणाऱ्या विष्णू नारायण भातखंड्यांचं आणि विष्णू दिगंबर पलुस्करांचं काम पुढचं आहे. बडोद्याची शाळा त्या दोघांच्याही संस्थांच्या आधी उभी राहिली.

सयाजीरावांनी युरोपात ऑपेरा पाहिले आणि भारावून बडोद्यात तसं काही करायला घेतलं, असं ऐकायला मिळतं. पण महाराजांचा पहिला युरोप दौरा १८८७ सालचा आहे आणि शाळा १८८६ ची. शाळेची कल्पना त्यांच्या शिक्षणविषयक धोरणातून आली. याच माणसानं १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. संगीत ही नागरिकाला शिकता येण्यासारखी गोष्ट आहे, हा विचार त्याच मुशीतला. शाळा पुढे का टिकली याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं: तिच्याकडे पहिल्या दिवसापासून विद्यार्थी होते. तिचं प्रयोजन दरबार भरण्यावर अवलंबून नव्हतं.

लंडनहून परतलेला मुलगा

मौलाबक्षांचे चिरंजीव अल्लाउद्दीन खाँ, म्हणजे पुढचे डॉ. पठाण, यांना संस्थानानं लंडनला पाठवलं. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ते शिकले आणि परत येऊन बडोद्याच्या बँड आणि वृंदाच्या कामात पडले. देशी राग पाश्चात्त्य वाद्यांवर बसवायचे, देशी वादकांना एकत्र वाजवायला शिकवायचं, अशी दुहेरी कामगिरी त्यांच्याकडे होती. रविशंकरांचे गुरू, मैहरचे अल्लाउद्दीन खाँ वेगळे. नावं सारखी असल्यामुळे दोघांची गल्लत होते, आणि बडोद्याच्या अल्लाउद्दीनांचं काम त्या सावलीत हरवतं.

याच घरात १८८२ मध्ये इनायत खाँ जन्मले. ते मौलाबक्षांचे नातू. १३ सप्टेंबर १९१० ला ते भाऊ महबूब खाँ आणि नात्यातले भाऊ महंमद अली खाँ यांच्यासह अमेरिकेला निघाले. पुढे धाकटे मुशर्रफ खाँही त्यांना मिळाले. 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्थान' या नावानं त्यांनी अमेरिकेत आणि युरोपात कार्यक्रम केले. जग इनायत खाँना सूफी गुरू म्हणून ओळखतं, पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. बडोद्याच्या समूहवादनाची सगळ्यात दूर गेलेली फांदी हे चार-पाच जण होते. महबूब खाँनी तर पुढे हिंदुस्थानी चालींना पाश्चात्त्य स्वरसंवादाची साथ देऊन गाणी रचली. म्हणजे रचनाकार याच घरात होता. फक्त तो बडोद्यात राहिला नाही.

हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. बँडमास्तर बाहेरून आणता येतो, वाद्यं विकत मिळतात. पण ज्याच्या कानात दोन्ही परंपरा लहानपणापासून आहेत असा रचनाकार पिढीत एखादाच होतो.

कारखाना आणि हजेरी

दरबारातल्या गायक-वादक-नर्तकींचं खातं म्हणजे कलावंत कारखाना. जुन्या मराठी दरबारी रीतीप्रमाणे सरंजामाच्या प्रत्येक विभागाला कारखाना म्हणत, तसाच हा. सयाजीरावांच्या शिस्तप्रिय कारभारात या खात्यालाही नियम आले. रजा, हजेरी, दंड, बिदागी असं सगळं कलमवार छापून निघालं. तंजावरहून आलेल्या नर्तकी, ख्यालिये, बीनकार (बीन म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे), सारंगिये, पखवाजी असे सगळे त्या एकाच चौकटीत बसवले गेले.

अनेक जण या नियमांकडे राजाची दूरदृष्टी म्हणून पाहतात. माझं मत थोडं वेगळं आहे. वृंदाला शिस्त लागतेच, पण ती शिस्त तालमीची असते. कोणता भाग कोण वाजवणार, अवघड तुकडा किती वेळा घोटायचा, एकजण आजारी पडला तर त्याची ओळ कोणी उचलायची, या गोष्टी वृंद घडवतात. रजेचा अर्ज वेळेवर आला का, यानं वृंद घडत नाही. कचेरीची शिस्त कलावंतांना जाचक वाटली असेल तर त्यात नवल नाही. ज्याची तालीम घराण्यात झाली, ज्याचा मान मैफलीत ठरला, त्याला हजेरीबुकात सही करायला लावून एकत्र वाजवायची गोडी लागत नाही.

बडोद्याला मोठे एकल कलावंत मात्र मिळत राहिले. फैज महंमद खाँ इथले दरबारी गायक होते. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. अब्दुल करीम खाँ काही काळ इथे होते. फैयाज खाँ आले आणि बडोद्याचेच झाले. ५ नोव्हेंबर १९५० ला त्यांचं देहावसान इथेच झालं. गावात नाव कोणाचं निघे? फैयाज खाँचं. वृंदातला चौथा दिलरुबावाला (दिलरुबा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य) कोण, हे कोणी विचारलं नाही. पगार दोघांनाही होता, पण प्रतिष्ठा एकाच जागी साठली होती.

षड्ज कुठे लावायचा

आता गाभ्याच्या तांत्रिक प्रश्नाकडे. एकत्र वाजवायचं तर स्वर एक हवा, आणि हिंदुस्थानी संगीतात षड्ज, म्हणजे 'सा', चल असतो. गायक काळी एकवर (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर) गातो, गायिका काळी चारच्या आसपास, सतारीचा षड्ज तारांच्या जाडीवर ठरतो, बीन त्याहून खाली. मैफलीत साथीदार मुख्य कलावंताच्या स्वराला मिळवून घेतात. वृंदात मुख्य कोणी नसतो, म्हणून षड्ज आधीच ठरवून सगळ्यांना तिथे आणावं लागतं. बँडची वाद्यं तर कारखान्यातूनच ठरलेल्या स्वरात येतात. क्लॅरिनेट आणि कॉर्नेटचा स्वर खेचून वाटेल तिथे नेता येत नाही. देशी वादक बँडबरोबर बसला तर तडजोड त्यालाच करावी लागणार, हे उघड होतं.

दुसरी अडचण तरफांची. दिलरुबा आणि सारंगीला मुख्य तारांखाली तरफांची, म्हणजे आपोआप झणकणाऱ्या तारांची, रांग असते. या तरफा रागाच्या स्वरांना लावतात. यमन संपवून भैरव घ्यायचा म्हणजे रिषभ-धैवत कोमल आणि मध्यम शुद्ध करून सगळ्या तरफा पुन्हा मिळवायच्या. एकट्या वादकाला हे दोन-चार मिनिटांचं काम. आठ-दहा जण एकाच दालनात एकाच वेळी तरफा लावू लागले तर कोणाला आपला स्वर नीट ऐकू येत नाही. म्हणून देशी वाद्यांच्या वृंदाचा कार्यक्रम आखताना रागांचा क्रम सौंदर्याइतकाच सोयीनंही ठरवावा लागतो. हे ज्यानं केलं नाही त्याच्या वृंदाला बेसूरपणाचा शिक्का बसतो, आणि दोष वादकांच्या माथी येतो.

तिसरी अडचण आवाजाच्या जातीची. युरोपीय वाद्यवृंदाचा पाया गजाच्या वाद्यांवर आहे. चौदा-सोळा व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात तेव्हा बारीक फरक एकमेकांत विरघळतात आणि एक रुंद स्वर तयार होतो. सहा सतारी एकच गत (वाद्यासाठी बांधलेली रचना) वाजवू लागल्या तर उलट होतं. प्रत्येक नखीचा आघात वेगळा ऐकू येतो, आणि केसभर मागेपुढे झालं तरी ते लपत नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेताना तर प्रत्येकाची तार आपापल्या वेगानं चढते. देशी वृंद उभा करायचा तर दिलरुबा, इसराज, सारंगी आणि व्हायोलिन यांना मध्यभागी ठेवून सतार-सरोद-जलतरंगाला रंगापुरतं वापरावं लागतं. बीनसारखं नाजूक वाद्य ध्वनिवर्धकाशिवाय वृंदात ऐकूच येत नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलसारख्या प्रशस्त दालनात तर मुळीच नाही.

हे वाद फक्त तालमीपुरते नव्हते. २० मार्च १९१६ पासून बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे सूत्रधार होते आणि महाराजांचा तिला आश्रय होता. त्या परिषदेत सांगलीचे कृ. ब. देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुती-हार्मोनियमवर मोठी खडाजंगी झाली. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, पक्क्या पट्ट्यांवर बांधता येतील का, हा त्यातला प्रश्न. साध्या हार्मोनियमचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. तयार कानाला तो खुपतो. देवल-क्लेमेंट्सना पट्ट्या वाढवून ही खुपण मिटवायची होती. उस्तादांचं म्हणणं असं की स्वर रागागणिक हलतो, त्याला पट्टीत कोंडता येत नाही.

मला वाटतं, या वादात एक तिसरा मुद्दा बाजूला पडला, आणि वृंदाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा होता. वृंदाला बावीस श्रुतींचं यंत्र नको असतं. त्याला एकमेकांचं ऐकून स्वर जुळवणारी माणसं लागतात. चांगला गजवादक शेजाऱ्याचं ऐकून बोट केसभर सरकवतो. म्हणजे उपाय यंत्रात नव्हता, रोजच्या एकत्र बसण्यात होता. परिषदेत शास्त्रावर पाच दिवस चर्चा झाली, पण एकत्र तालीम कशी घ्यायची हा विषय विद्वानांच्या पटावर आला नाही.

त्या दशकात बँडचा आणि संगीतशाळेचा कारभार फ्रेडलिस या युरोपीय बँडमास्तराकडे होता. पाश्चात्त्य स्वरलेखनाची शिस्त त्याच्याबरोबर आली, आणि भातखंड्यांची स्वरलिपी परिषदेनंतर वजनदार झाली. मौलाबक्षांची लिपी या दोघांच्या मध्ये सापडली. शाळेत पुढे भातखंडे पद्धत रुजली. शिक्षणाच्या दृष्टीनं ते बरंच झालं, कारण देशभर एकच लिपी चालू लागली. पण वृंदासाठी त्याचा अर्थ असा झाला की जुन्या लिपीत जे काही बसवलेलं होतं, ते नव्या मुलांना वाचता येईना. ज्या संस्थेत तीस-चाळीस वर्षांत लेखनाची रीत दोनदा-तीनदा बदलते, तिथे रचनांचा साठा तयार होणं कठीण.

रिकामी खुर्ची

माझा मुख्य मुद्दा हा आहे. युरोपातल्या एखाद्या मध्यम शहरातला वाद्यवृंद घ्या. त्यातला दुसरा ओबोवादक (ओबो हे सनईसारखं फुंकवाद्य) निवृत्त झाला तर नवा माणूस नेमावाच लागतो, कारण पुढच्या महिन्यातल्या रचनेत दुसऱ्या ओबोची ओळ लिहिलेली आहे. तो नसेल तर संगीतात भोक पडतं. श्रोत्याला कळतं, संचालकाला कळतं, पैसे देणाऱ्या नगरपालिकेलाही कळतं. खुर्चीचं रक्षण कागद करतो.

बडोद्याच्या देशी वृंदात सगळे मिळून एकच ओळ वाजवत. गत तीच, सप्तक वेगळं, मध्ये एखाद्याला पुढे यायला जागा, मागे तबला-पखवाज. ऐकायला हे भरीव वाटतं, पण दहापैकी एक वादक गेला तर नऊ जण तेच वाजवतात. आवाज थोडा कमी होतो, संगीत तेच राहतं. तीन गेले तरी चालतं. पाच गेले की मग लोक म्हणतात, 'आता वृंद म्हणण्यासारखं काही उरलं नाही.' पण ज्या दिवशी पहिला गेला त्या दिवशी त्याच्या जागी माणूस नेमण्याचं कारण कोणाकडेच नव्हतं. काटकसरीच्या काळात अशी पदं भरली जात नाहीत. त्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही.

वृंदाचा प्रत्येक वादक अपरिहार्य होईल अशा रचना बडोद्यात पुरेशा झाल्या नाहीत. पगार होता, लिपी होती, गुरू होते. वेगवेगळ्या वाद्यांना वेगवेगळं बोलायला लावणारी रचना मात्र साचली नाही.

का साचली नाही? इथे बंगालचं उदाहरण उपयोगी पडतं. कलकत्त्याच्या बेलगाछिया नाट्यशाळेत १८५८ मध्ये नाटकाच्या निमित्तानं क्षेत्रमोहन गोस्वामींनी देशी वाद्यवृंद बसवला. तिथे वृंदाला काम नाटकानं दिलं. पडदा उघडण्याआधी काही वाजवायचं, अंकांच्या मध्ये काही वाजवायचं. मागणी ठरलेली आणि नेमकी. आपल्या मराठी संगीत नाटकानं दुसरी वाट धरली. बडोद्यात संगीत नाटकांवर लोकांचा जीव होता, पण त्या नाटकाचा प्राण गाणारा नट होता, आणि त्याला ऑर्गन, सारंगी व तबला एवढी साथ पुरे होती. नटाला जागा घ्यायला मोकळीक हवी, वन्स मोअर आला की पद पुन्हा फुलवायचं. बांधीव वृंद तिथे अडचणच ठरला असता. संगीत नाटकानं आपल्याला फार मोठे गायक दिले याचा आनंद आहेच. पण वृंदाला दर आठवड्याला काम देऊ शकणारी एकमेव लोकप्रिय संस्था बडोद्यात तीच होती, आणि तिला वृंदाची गरज नव्हती.

दरबारी प्रसंग वर्षातून मोजके. दसरा, वाढदिवस, पाहुणे. त्याच त्या गती तिथे चालून जात.

१९४९

६ फेब्रुवारी १९३९ ला सयाजीराव गेले. त्यानंतर दहा वर्षांत सगळं बदललं. संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, ते डिसेंबर १९४८ मध्ये आकाशवाणीत गेलं. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि संगीताचं महाविद्यालय विद्यापीठाच्या छत्राखाली आलं.

शाळा आणि वृंद यांच्या वाटा नेमक्या इथे फुटल्या. शाळेचा खर्च शिक्षणाचा खर्च होता. नव्या राज्यात शिक्षणाला खातं होतं, विद्यापीठाला कायदा होता, पदवीला किंमत होती, मुलं फी भरत होती. दरबारी कलावंतांचा खर्च राजाच्या मानमरातबाचा खर्च होता. राजाच उरला नाही तर हा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालायचा? नव्या अंदाजपत्रकात त्याला घरच नव्हतं. वृंद शाळेचा भाग असता, विद्यार्थ्यांना त्यात वाजवणं अभ्यासक्रमात सक्तीचं असतं, तर तोही शाळेच्या बोटाला धरून विद्यापीठात आला असता. इमारत जवळच होती, माणसं ओळखीची होती. अंतर होतं ते फक्त खात्याचं.

१९६० नंतर बडोदं गुजरातेत आलं. मराठी माणूस इथेच राहिला, मराठी मंडळं राहिली, गणेशोत्सवातल्या मैफली आणि भजनी मंडळं राहिली. पण मराठीतून संगीताच्या मोठ्या संस्थेला आधार देणारं राज्य आता दुसरीकडे होतं.

जे वृंद टिकले

मैहर हे संस्थान बडोद्याच्या तुलनेत अगदी लहान. तिथे अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास अनाथ मुलांना गोळा करून वृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नळतरंग नावाचं वाद्य केलं, व्हायोलिन आणि चेलो घेतलं, इसराज-सतार घेतली, आणि या मुलांसाठी स्वतः रचना केल्या. तो वृंद मध्य प्रदेश सरकारच्या आधारानं आजही आहे. तिथे कागद फारसा नव्हता, तोंडी तालीमच होती. पण रचना ठरलेल्या होत्या, त्या वृंदासाठीच केलेल्या होत्या, आणि मुलांना घराण्याच्या मानाचं ओझं नव्हतं. खाँसाहेब स्वतः कलकत्त्यात बँडमास्तर लोबोंकडे पाश्चात्त्य व्हायोलिन शिकले होते. त्यामुळे बँडची शिस्त आणि रामपूरच्या उस्तादांची तालीम एकाच माणसात एकत्र आली. बडोद्यात पुढे ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे गेली, आणि दोघांचा मेळ बसायला वेळ मिळाला नाही.

दुसरं उदाहरण आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचं. १९५२ मध्ये दिल्लीत तो सुरू झाला. रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर त्याचे पहिले संचालक. त्याला प्रक्षेपणाचं वेळापत्रक होतं. दर काही दिवसांनी नवीन काही वाजवावंच लागे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही तेच. गोव्याचे वादक सुरांचे कागद वाचत होते, संयोजक प्रत्येक वाद्याची ओळ लिहीत होता, आणि मागणी आठवड्याची होती. देशातले टिकाऊ वृंद अशाच ठिकाणी जगले: लिहिणारा माणूस आणि पुढची तारीख, दोन्ही हाताशी असलेल्या ठिकाणी.

आज बडोद्यात काय करता येईल

जुना दरबारी वृंद परत आणण्यात मला रस नाही. गणवेश, फेटे, वारसा-महोत्सवातला एका संध्याकाळचा देखावा यानं काही उभं राहणार नाही. पण गायनशाळेची वारस विद्याशाखा शहरात आहे, व्हायोलिन-सतार-तबल्याचे विद्यार्थी आहेत, मराठी आणि गुजराती दोन्ही घरांतून हार्मोनियम-बासरी शिकणारी मुलं आहेत. वीस-बावीस जणांचा वृंद यातून होऊ शकतो.

पहिली गोष्ट, त्याचा खर्च शिक्षणात मोडायला हवा. वृंदवादन हा पदवीच्या अभ्यासक्रमातला गुणांचा विषय झाला पाहिजे, ऐच्छिक हौस नव्हे. १९४९ ची गोष्ट आपल्याला हेच सांगते की ज्याला शीर्ष असतं ते हस्तांतरात वाचतं.

दुसरी गोष्ट, गजवाद्यं मध्यभागी हवीत, आणि त्यासाठी दिलरुबा व इसराज शिकणारे तयार करावे लागतील. ही वाद्यं आज कमी जण घेतात, कारण एकल मैफलीत त्यांना जागा कमी आहे. वृंद ही त्यांची हक्काची जागा होऊ शकते. षड्ज एकदा ठरवून टाकावा आणि बासऱ्या त्याच स्वराच्या करून घ्याव्यात. कार्यक्रमात एका बैठकीत दोनपेक्षा जास्त थाट (रागांचे मूळ स्वरसंच) नसावेत, म्हणजे तरफांचा प्रश्न आटोक्यात राहील.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, रचनाकार. संचालक नंतर मिळेल. दोन वर्षांसाठी एक रचनाकार नेमावा आणि त्याला या विशिष्ट वीस जणांसाठी लिहायला सांगावं. प्रत्येक वादकाला स्वतःची ओळ असावी. पहिल्या दिलरुब्याला जे आहे ते दुसऱ्याला नसावं. रागाचं सौंदर्य एकाच ओळीत असतं, अनेक ओळी आल्या की राग बिघडतो, अशी हरकत घेतली जाईल. ती गंभीर आहे आणि तिला उत्तर रचनेतूनच द्यावं लागेल. पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरगुच्छ खाली अंथरले तर राग खरोखर बिघडतो. पण एका वाद्यानं षड्ज-पंचम धरून ठेवणं, दुसऱ्यानं रागाचं मुख्य अंग हळू लयीत मांडणं, तिसऱ्यानं त्याच अंगाचे छोटे तुकडे दुगुनीत उचलणं, चौथ्यानं समेच्या आधी तिहाई (तीनदा येणारा तुकडा) घेणं, यात रागाबाहेरचा एकही स्वर येत नाही, आणि तरी चौघांची कामं वेगळी राहतात. सवाल-जवाब आपल्याला परके नाहीत, आणि चौघड्यात एक सनई सूर धरते व दुसरी खेळते, हेही आपण लहानपणापासून ऐकतो.

चौथं, तारखा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सयाजीबागेत किंवा विद्याशाखेच्या सभागृहात, विनातिकीट वादन. श्रोते पंधरा आले तरी तारीख टळू नये. रचनाकाराला पुढची तारीख दिसली पाहिजे, तरच तो लिहील.

आणि जे लिहिलं जाईल ते भातखंडे लिपीत, प्रत्येक वाद्याचं पान वेगळं करून, विद्याशाखेच्या ग्रंथालयात नोंदीसह राहावं. इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा पुण्या-नागपूरच्या एखाद्या संस्थेनं मागितलं तर त्यांना प्रत मिळावी. प्रतीवर एवढं मात्र ठळक लिहिलेलं असावं की वादक कमी असतील तर कोणाची ओळ कोणी उचलायची, आणि कोणती ओळ गाळली तर ही रचना वाजवू नये.